उतारासाठी राखलेली जागा

कुंदनच्या हातात रिकामा पेला दिला, तर तो भरल्याशिवाय खाली ठेवणार नाही. तहान असो की नसो. पाहुणा म्हणून कुणाच्या घरी गेला तरी बोलता बोलता त्याची नजर कोपऱ्यातल्या माठाकडे जाते, आणि माठ अर्धा दिसला की त्याचं गप्पांतलं लक्ष उडतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात रागिणीच्या हे ध्यानात आलं. फ्रिजमधल्या बाटल्या गळ्यापर्यंत, मोबाइल शंभरावर, स्कूटरची टाकी झाकणाला टेकलेली. पुढे पायल झाली, तेव्हा तिच्या दुधाच्या बाटलीलाही बूच लावताना दूध बाहेर ओघळायचं.

"तुमच्याकडे अर्धं काही नसतेच काय हो?" रागिणीने एकदा विचारलं.

"असते ना," कुंदन म्हणाला, "अर्धी झोप."

हे वेड त्याने कुठून विकत आणलेलं नव्हतं, घरूनच आणलं होतं. घर अकोल्याच्या जुन्या शहरातलं. कुंदनच्या लहानपणी त्या गल्लीत नळ यायचा तो आठवड्यातून एखाद्या दिवशी, आणि तो दिवस कोणता हे फक्त देवाला आणि व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला ठाऊक असायचं. "नळ आला व!" अशी आरोळी उठली की अख्खी गल्ली हातातलं टाकून धावायची. शाळेला निघालेलं पोरगं दप्तर दारात टाकायचं, जेवणारा उष्ट्या हाताने हंडा उचलायचा. कुंदनची आई मैनाबाई घागरी, पितळी गुंड, पिंपं, तेलाचे डबे, एवढंच काय, पाहुण्यांसाठी ठेवलेले स्टीलचे ग्लाससुद्धा भरून ओळीने मांडायची. सगळं भरलं की कमरेवर हात ठेवून ती त्या ओळीकडे पाहायची. बाकीच्या बायका दागिने अंगावर घालून आरशात पाहतात, तसं. कुंदनला आईचा चेहरा समाधानी आठवतो तो त्याच वेळचा.

अशा घरातून निघालेला मुलगा बॅटरीच्या धंद्यात पडला, यात नवल काहीच नाही. भरून ठेवायचं आणि पुरवून वापरायचं, हेच तर काम. अकोल्यातून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि पुण्याकडच्या एका कारखान्यात लागला. तिथे गाड्यांच्या बॅटऱ्यांचे पॅक जोडायचं काम होतं. 'मले' म्हटलं की तिथे लोक वळून पाहायचे, म्हणून तो 'मला' म्हणायला शिकला. झोपेत मात्र 'मले'च म्हणायचा. काम चांगलं होतं, तो हुशार होता, साहेब खूश होते. अडचण एवढीच की रागिणी अचलपूरजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ती तिथे, हा इथे. पायलला बोलता येऊ लागलं तेव्हा 'बाबा' म्हटलं की ती मोबाइलकडे बोट दाखवायची. एकदा कुंदन सुटीवर आला, दारात उभा राहिला, आणि पोरगी त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता टेबलावरचा मोबाइल उचलून त्याला म्हणाली, "बाबा."

त्या सुटीवरून तो परत गेला तो राजीनामा द्यायलाच.

परतवाड्याला त्याने छोटं वर्कशॉप टाकलं. ई-रिक्षांच्या बॅटऱ्या, इन्व्हर्टर, पंपाचे स्टार्टर. काम होतं, पण इन्व्हर्टरात पाणी घालून संसार चालत नाही, हे त्याला लवकरच कळलं. डोक्यात मात्र एक गोष्ट होती. चिखलदऱ्याच्या घाटात रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या मालाच्या रिक्षा त्याला दिसायच्या. चढताना पेट्रोल पिऊन कण्हणाऱ्या, उतरताना ब्रेक तापवत येणाऱ्या. उताराची सगळी ताकद ब्रेकमध्ये जळून जाते. ती बॅटरीत साठवली आणि पुढच्या चढाला वापरली तर? असली एक रिक्षा नीट चालवून दाखवली की बाजारातल्या बाकीच्या आपोआप दारात उभ्या राहतील, असा हिशेब.

पुण्याचे साहेब अधूनमधून फोन करत होते. जागा दसऱ्यापर्यंत ठेवतो म्हणाले. रागिणीने तेव्हा स्पष्टच सांगितलं, "दसऱ्यापर्यंत तुमची गाडी घाटात चालली पाहिजे. नाई चालली तर तुमी पुण्याले जा, मी कुरकुर करणार नाई. पण असं टांगून ठेवू नका."

तिने 'कुरकुर करणार नाई' म्हटलं, तेच कुंदनला जास्त लागलं.

गाडी मिळाली किसनरावांची. किसनराव म्हणजे चांदूर बाजारच्या अलीकडच्या एका खेड्यातले भाजीपाला आणि फुलं करणारे शेतकरी. त्यांची मालाची तीनचाकी रिक्षा वांगी, टमाटे, सांबार घेऊन घाटावरच्या हॉटेलांना जायची आणि येताना वरच्या मोथा गावचा खवा घेऊन उतरायची. (सांबार म्हणजे कोथिंबीर, पुण्याच्या माणसाने इडली शोधत बसू नये.) माणूस तोंडाचा फटकळ, पण ऐकून घेणारा.

"पेट्रोल बी अन करंट बी?" किसनरावांनी विचारलं.

"हो काका. चढावर दोघं मिळून ओढते. उतार लागला की इंजिन सुटून जाते, मोटर डायनामो होते अन बॅटरी भरते. गाडी मागून कोनं धरून ठेवल्यासारखी हळूहळू उतरते. ब्रेकले कामच नाई."

"म्हंजे एका घरात दोन सुना."

"तसंच समजा."

"मंग भांडन कोन सोडवते?"

"त्याच्यासाठी कंट्रोलर राहते ना. कोनं कवा ओढायचं, कवा थांबायचं, थोच ठरवते."

"म्हंजे सासू," किसनराव म्हणाले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "आयकलं काय व? आता सासू बी डब्यात भेटून राहिली!"

आतून त्यांच्या बायकोचा, पार्बताबाईंचा, आवाज आला, "पाहून घ्या. परत करता येते का विचारा."

किसनरावांनी गाडी दिली, पण बोट वर करून. "दसऱ्याले झेंडू वर न्या लागते मले. थ्याच्याआधी गाडी धड पाहिजे. नाईतं जशी होती तशी करून द्यायची."

सगळा उन्हाळा कुंदनने त्या पेटीवर घालवला. बॅटरीची पेटी कुठे बसवायची इथूनच वाद. उंच बसवली तर वळणावर गाडी कलंडणार. मागे बसवली तर चढावर पुढचं चाक हलकं होणार. शेवटी चाकांच्या मध्ये, जमेल तितकी खाली. मग ऊन. वऱ्हाडातल्या वैशाखात माणसं दुपारी दार लावून कूलरसमोर पडून असतात, तिथे लोखंडी पेटीतल्या बॅटरीने काय करावं? त्याने पेटीला दोन भिंती केल्या, मधून वारा खेळवला, पंखा बसवला. मैनाबाईने फोनवर सुचवलं, "ओलं पोतं टाकून ठेव. माठ कसा गार राह्यते!" बॅटरीवर ओलं पोतं टाकण्याच्या कल्पनेनेच कुंदनला घाम फुटला. किसनराव दर दोन-चार दिवसांनी येऊन पाहून जायचे आणि जाताना एकच वाक्य टाकायचे, "या डब्यानं माह्या दोन क्रेटची जागा खाल्ली."

पेटी झाली, मोटर बसली, तारा झाल्या. राहिलं शेवटचं काम: कंट्रोलरला सांगायचं, की बॅटरी कुठवर भरायची.

इथे थोडं थांबून सांगितलं पाहिजे. निव्वळ विजेच्या गाडीची बॅटरी रात्री शंभरावर भरून ठेवली तर चालतं. इंजिन आणि मोटर दोन्ही असलेल्या गाडीचं तसं नसतं. तिची बॅटरी ना पुरती रिकामी होऊ द्यायची, ना इंजिनाने पुरती भरू द्यायची. मधेच खेळती ठेवायची. खाली थोडी शिल्लक चढासाठी आणि वर थोडी जागा उतारासाठी. उतारावरून जे परत येणार आहे, ते घ्यायला जागा नसेल तर ते घेता येत नाही. हे कुंदनला ठाऊक नव्हतं असं नाही. पुण्यात याच गोष्टीचे आलेख त्याच्या डोळ्यांसमोरून रोज जायचे. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर त्याने खडू घेऊन फळ्यावर समजावून सांगितलं असतं.

तो लॅपटॉप घेऊन बसला. इंजिनाने बॅटरी साठ टक्क्यांपर्यंत भरावी, असा आकडा त्याने टाकला. पाहत राहिला. पडद्यावरच्या चित्रात बॅटरीचा वरचा भाग रिकामा दिसत होता. त्याने सत्तर केले. चहा पिऊन आला आणि ऐंशी केले. पेटीसाठी सगळा उन्हाळा घालवला होता, आणि ती अशी अर्धीमुर्धी ठेवायची? चढावर तर ती खर्च होणारच आहे, मग जागा आपोआप होईलच, असं त्याने स्वतःला समजावलं. निघायच्या दिवशी सकाळी आकडा शंभर होता. तो कधी केला, हे त्याला नीट आठवतसुद्धा नाही. माणूस झोपेत पांघरूण ओढून घेतो, तसा त्याने तो ओढून घेतला होता.

भादव्याचे दिवस, घाटात धुकं. किसनराव चालवत होते, कुंदन बाजूला दाटीवाटीने बसलेला. चढ लागला आणि गाडी अशी चढली की किसनरावांनी पहिल्यांदा पेटीबद्दल चांगला शब्द काढला. "हे तं ढकलून राहिली बे मांगून!" वळणावर एक टेम्पो मागे टाकला तेव्हा त्यांनी उगाचच हॉर्न वाजवला. वर पोचेपर्यंत बॅटरी बरीच उतरली होती, आणि कुंदनला वाटलं, पाहा, झाली की नाही जागा.

पण घाट संपला की लगेच उतार येत नाही. वर पठार आहे. हॉटेलांच्या दारोदार गाडी फिरली, थांबली, निघाली, मोथ्याला खवा घ्यायला गेली. आणि कंट्रोलरला जे शिकवलं होतं, ते तो इमानदारीने करत राहिला. जरा सवड मिळाली की इंजिनाकडून बॅटरी भरून घ्यायची. खव्याचे डबे चढवेपर्यंत बॅटरीचा काटा शंभरावर टेकला. कुंदनने तो पाहिला, आणि खोटं कशाला बोला, त्याला बरंच वाटलं.

"भरली बरं का काका. काठोकाठ."

"बेस झालं."

उतार लागला. ठरल्याप्रमाणे इंजिन सुटलं. मोटरने गाडी धरली, क्षणभर धरली, आणि मग दोर सोडावा तशी सोडून दिली. बॅटरीत जागाच नव्हती, तर मोटर बिचारी घेऊन ठेवणार कुठे? आता गाडीला ना इंजिनाचा आवर, ना मोटरचा. राहिले ब्रेक, आणि ओला रस्ता.

"कुंदन, हे धरून नाई राहिली!"

"ब्रेक मारा काका, सोडून सोडून मारा!"

"थेच तं करून राहिलो!"

दुसऱ्या वळणाला जळका वास यायला लागला. तिसऱ्या वळणाला ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं. किसनराव जुने ड्रायव्हर. त्यांनी पुढे काही विचार केला नाही, गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि डावं चाक नालीत उतरवलं. खडखडत, घासत, वाकडी होऊन गाडी थांबली. कुणाला काही झालं नाही. खव्याचा एक डबा मात्र रस्त्यावर पडून उघडला, आणि घाटातल्या माकडांनी पाहुणे अपघातात आहेत की नाहीत याची विचारपूस न करता तो उचलला.

बराच वेळ दोघं दगडावर बसून माकडांचं जेवण पाहत राहिले.

"तुह्या सासूनं ऐनवेळी सुनेले माहेरी पाठवून देल्लं," किसनराव शेवटी म्हणाले. आवाजात थट्टा होती, पण पुढचं बोलणं थट्टेचं नव्हतं. "काढून टाक तो डबा. दसऱ्याच्या आधी मले माह्यी गाडी जशी होती तशी पाहिजे."

घरी आल्यावर त्याने रागिणीला सगळं सांगितलं. सांगताना त्याचं उत्तरही तयार होतं. पेटी लहान पडली. अजून सेल जोडायचे, मोठी बॅटरी करायची, म्हणजे भरता भरायची नाही.

"मोठी केली तरी तुमी भरूनच ठेवाल," रागिणी म्हणाली. ती वह्या तपासत होती, तिने मानही वर केली नाही. कुंदनला ते नेहमीचं चिडवणं वाटलं.

नवे सेल अकोल्याच्या एका व्यापाऱ्याकडे मिळणार होते, म्हणून रविवारी तिघंही एसटीने अकोल्याला गेले. आधी घरी. मैनाबाईच्या घरात आता पाय ठेवायला जागा उरली नव्हती. कुंदन पुण्याहून पैसे पाठवायचा तेव्हा तिने एकेक करून निळे ड्रम घेतले होते. पलंगाच्या डोक्याशी ड्रम, देव्हाऱ्याखाली ड्रम, टीव्ही ड्रमवर. नळ आता पूर्वीपेक्षा बरा यायचा, पण मैनाबाईचा त्याच्यावर भरवसा नव्हता. पायलला फरशीवर भोवरा फिरवायचा होता. तिने तो इथे फिरवला तर ड्रमला धडकला, तिथे फिरवला तर हंड्याला. शेवटी ती आजीला म्हणाली, "आजी, तुझ्या घरात पाणी राह्यते. तू कुठी राह्यतं?"

जेवणं चालू होती, तेवढ्यात बाहेर ओरड उठली, "नळ आला!"

मैनाबाई ताडकन उठली, आणि दारातच थांबली. कारण काल-परवाच नळ येऊन गेला होता. सगळं भरलेलं होतं. तोटी जोरात वाहत होती आणि तिच्या हातात धरायला रिकामं भांडं नव्हतं.

"वच्छला! व वच्छला! तुह्याकडे मोकळं हाय काय काही?"

"कायचं मोकळं, बाई!" समोरच्या घरातून वच्छला ओरडली. "माह्या घरी चमचे तेवढे राहिले!"

पाणी ओट्यावरून नालीत चाललं होतं. मैनाबाईचा जीव वरखाली होत होता. "कुंदन्या, पिऊन घे. रागिणी, तू बी पी. पोरीले पाज." सगळ्यांनी एकेक पेला प्यायला. त्याने काय होणार? मग मैनाबाईने जे केलं, ते ती वर्षानुवर्षं करत आली होती. तिने एका ड्रमचं झाकण काढलं, बादली घातली आणि परवाचं पाणी 'शिळं झालं' म्हणून अंगणात ओतायला लागली, नव्याला जागा करायला. "उभा काय राहिला? धर बादली!"

कुंदनने बादली धरली. लहानपणापासून हे शंभरदा केलेलं. परवाचं चांगलं पाणी नालीत, आजचं तसंच पाणी ड्रममध्ये. तो दोनदा ओतून आला. तिसऱ्यांदा भरलेली बादली घेऊन तो उंबऱ्यावर आला आणि तिथेच उभा राहिला. नाली दोन्ही बाजूंनी वाहत होती. एकीकडून नळाचं पाणी, दुसरीकडून घरातलं. घाटातल्या वळणाचा जळका वास त्याच्या नाकात आला, अकोल्याच्या भर दुपारी.

रागिणी आतून पाहत होती. तिचं बोलून झालं होतं.

"आई," तो म्हणाला, "एक ड्रम नेहमी मोकळाच ठेवला तं? म्हंजे नळ आला की सरळ त्याच्यात जाईन. हे ओतायचं काम नाई."

मैनाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने घराचं दार कायमचं उघडं ठेवायला सांगितलं. "अन मोकळा ठेवला, अन नळ नाईच आला, तं?"

त्या प्रश्नात आईची सगळी वर्षं होती. तहानलेली लेकरं, शेजारणीकडे मागितलेली कळशी, पाहुण्याला अर्धा पेला देतानाची लाज. कुठल्याही आलेखाने ते पुसलं जाणार नव्हतं. तरी ती म्हणाली, "बरं, तू म्हनतं तं एक ठेवून पाह्यतो." पोरगा अकोल्याला कधीमधी येतो, त्याला नाही कशाला म्हणायचं, एवढाच त्याचा अर्थ होता.

सेल घ्यायला तो गेलाच नाही. परतीच्या एसटीत पायल मांडीवर झोपली होती आणि अकोट जाऊन अंजनगाव येईपर्यंत तो आईच्या प्रश्नाशीच बसला होता. नळाचं ठीक आहे, नळ येईल की नाही सांगता येत नाही. पण घाट? घाट चढलेल्या गाडीला उतार मिळतोच. घाट कधी नागा करत नाही. जे येणारच आहे, त्याच्यासाठीसुद्धा आपण जागा ठेवू शकलो नाही, कारण आपल्याला रिकामं पाहवत नाही. चूक तारांत नव्हती, पेटीत नव्हती. ती तो घरून घेऊन निघाला होता.

वर्कशॉपमध्ये त्याने आकडा परत साठावर आणला. हात पुन्हा वर सरकू नये म्हणून रागिणीला त्याला कुलूप घालायला सांगितलं. कुलपाचा शब्द फक्त तिला ठाऊक. आणि आईच्या प्रश्नाचा मान राखून त्याने आणखी एक सोय केली. काही कारणाने उतारावर बॅटरी भरलीच, तर इंजिन पुन्हा जोडलं जाईल आणि गाडीला आवरेल. 'नाईच आला तं' हे विचारणारा माणूस प्रत्येक कारखान्यात एकेक बसवला पाहिजे, असं त्याला वाटून गेलं.

आता राहिले किसनराव. ते झेंडू तोडत होते.

"काका, एक डाव गाडी द्या. तुमी नका येऊ. मी एकटा जातो."

"या टायमाले काय नवीन केलं?"

"काहीच नाई. बॅटरी कमी भरतो."

किसनरावांनी हातातलं फूल टोपलीत टाकलं. "भरलेल्या बॅटरीनं मारत होता. आता अर्द्या बॅटरीनं नेतं?"

"हो."

"तुह्या तोंडाकडे पाहून वाटते का तुले बी भेव लागून राहिलं."

"लागून राहिलं ना काका."

ते उत्तर किसनरावांना का कोण जाणे, पटलं. "मी येतो," ते म्हणाले. "पन मांगं बसतो, फुलात. उडी माराले सोपं जाते."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी झेंडूच्या पोत्यांवर बसून किसनराव घाट चढले. फुलं उतरली. पठारावर गाडी फिरली. काटा साठाला टेकला आणि थांबला. इंजिन फिरत होतं, सवड होती, आणि बॅटरी घेत नव्हती. कुंदनला ते पाहवेना. खाज सुटलेल्या जागी खाजवायचं नाही, असं कुणी सांगावं तसं झालं. मोथ्याला खव्याचे डबे चढवताना किसनराव काट्याकडे वाकून पाहत म्हणाले, "अबे, पुढं उतार हाये. भरून घे ना अजून थोडी."

"नाई काका."

"ऐंशीवर तरी घे."

"कुलपाचा शब्द बायकोपाशी हाये."

"मंग काही इलाज नाई," किसनराव म्हणाले आणि मागे जाऊन बसले.

उतार लागला. इंजिन सुटलं. मोटरने गाडी धरली, आणि धरूनच ठेवली. हलकासा घूं असा आवाज येत राहिला, जात्यासारखा एकसुरी. पहिलं वळण. दुसरं. ज्या दगडावर ते दोघं बसले होते तो दगड मागे गेला. माकडं आशेने उठून उभी राहिली आणि निराश होऊन बसली. काटा हळूहळू वर चढत होता. एकसष्ट, पासष्ट, सत्तर. गाडी उतरत होती आणि बॅटरी भरत होती, आणि कुंदनला पहिल्यांदाच कळलं की भरलेलं पाहण्यापेक्षा भरत जाणारं पाहण्यात जास्त सुख आहे. घाट संपला तेव्हा वर अजून थोडी जागा शिल्लकच होती.

किसनराव उतरले. वाकले आणि चाकाच्या ब्रेकवर तळहात ठेवला. ठेवूनच राहिले.

"थंडा हाये," ते म्हणाले. मग उभे राहून कमरेला हात लावला. "ठेव तुहा डबा. पन थो काटा झाकून टाक. कोनी पाह्यलं तं म्हनन, किसनरावनं अर्दीच भरली, कंजूस लेकाचा."

पुण्याच्या साहेबांना कुंदनने त्याच दुपारी फोन करून 'येत नाही' म्हणून कळवलं. किसनरावांच्या ओळखीचे दोन भाजीवाले दिवाळीनंतर येतो म्हणाले होते. नक्की येतील याची खात्री नव्हती. पण जागा ठेवायची, एवढं ठरलं होतं.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर मैनाबाईचा फोन आला. आवाज चढलेला. "तुह्या आयकन्यानं ड्रम मोकळा ठेवला, अन नळाचा पत्ता नाई! पाइप फुटला म्हंते कुठीतरी. वच्छलाकडून दोन गुंड आनले सनाच्या दिवशी. आयकलं काय?"

रागिणीला फोनबाहेर सगळं ऐकू येत होतं. तिने पदर तोंडावर धरला.

"भर आई," कुंदन म्हणाला. "नळ आला की सगळं भर. एक बी मोकळा नको ठेवू. घाटाची गोष्ट येगळी हाये."

"कोन्ता घाट?"

"मी आल्यावर सांगतो."

फोन ठेवून तो मागे वळला. पायल रिकामा पेला घेऊन उभी होती. त्याने तो माठाच्या तोटीखाली धरला, सवयीने काठापर्यंत नेला, मग थोडं पाणी परत ओतून तिच्या हातात दिला. ती न सांडता चालत अंगणापर्यंत गेली.